परसबाग : चिवट तणांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत लव्हाळा आणि हराळीच्या तक्रारी सर्वांत जास्त आहेत. एकाच प्रकारचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. प्रत्येक तण आपला जीव वेगळ्या ठिकाणी राखून ठेवते : कोणी जमिनीतल्या गाठीत, कोणी कांडीच्या पेरात, कोणी बियांत. ते ठिकाण माहीत नसताना केलेली भांगलण पुष्कळदा तणाच्याच फायद्याची ठरते, म्हणून उत्तरांत उपायाबरोबर कारणही सांगितले आहे.

प्रश्न (सांगली) : घरामागे 10 बाय 12 फुटांचे दोन वाफे आहेत. लव्हाळा दर आठवड्याला उपटतो, चार दिवसांत पुन्हा वर येतो. शेवटी पावसाळ्यात कुदळीने सगळा वाफा खणला, तर आधीपेक्षा दाट उगवला. काय चुकते आहे?

उत्तर : तुम्ही उपटता ती लव्हाळ्याची पात. त्याचा जीव खाली गाठीत असतो. त्रिकोणी दांडा धरून ओढला की तो बुडाशी असलेल्या फुगीर भागापाशी तुटतो आणि खालची काळपट गाठ जागच्या जागी राहते. अशा अनेक गाठी जमिनीखालच्या बारीक दोऱ्यासारख्या दांड्याने एकमेकींना जोडलेल्या असतात. साखळी अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते आणि बाकीच्यांना दाबून ठेवते. ओल्या जमिनीत कुदळ चालवली की साखळीचे तुकडे होतात, दाबलेल्या गाठी मोकळ्या होतात आणि ओल मिळून सगळ्या एकदम फुटतात. तुमच्याकडे नेमके हेच घडले आहे.

बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात, काही एक फुटापर्यंत जातात. त्या पूर्ण वाळल्या तरच मरतात. त्यामुळे खणायचे ते एप्रिल-मे महिन्यांतच. वाफ्याला आधी पंधरा दिवस पाणी देऊ नका. मग टिकावाने 20 ते 25 सेंटिमीटर खोल खणा आणि ढेकळे तशीच उलथी पडू द्या, फोडू नका. पहिल्या दोन दिवसांत हाताला लागतील त्या गाठी घमेल्यात वेचा. आठ-दहा दिवसांनी ढेकळे फोडून माती खालीवर करा, म्हणजे सावलीत राहिलेल्या गाठी वर येतील. आणखी दहा-बारा दिवस कडक ऊन लागू द्या. या काळात वाफ्यावर एक बादलीही पाणी पडता कामा नये. शेजारच्या आळ्यातून ओल झिरपत असेल तर त्या बाजूला वीतभर खोल चर काढा. वळवाचा पाऊस मध्येच आला, तर आकाश निवळल्यावर माती पुन्हा एकदा हलवून वाळवावी लागते. हे कष्टाचे काम आहे, पण लव्हाळ्यावर परसबागेत याच्या तोडीचा दुसरा उपाय नाही.

तरीही काही गाठी उरतीलच. मृगाच्या पावसानंतर त्या फुटतील. कोंब वर आल्यापासून तीन-चार आठवड्यांत लव्हाळा नवी गाठ धरू लागतो. तेवढी मुदत त्याला मिळू द्यायची नाही. दर 10 ते 12 दिवसांनी, जमीन ओलसर असताना, खुरप्याचे टोक तिरके घालून बुडाच्या फुगीर भागासकट रोप काढा. गाठ खोल असेल तर ती काढण्यासाठी वाफा उकरू नका. पात वारंवार गेली की गाठीतला साठा संपत जातो. महिन्यातून एकदा केलेल्या भांगलणीने मात्र काहीच साधत नाही, कारण मधल्या काळात त्याने खर्च भरून काढलेला असतो.

लव्हाळ्याचा खरा कच्चा दुवा सावली आहे. जुलैच्या सुरुवातीला वाफ्यात ताग दाट पेरा. तुमच्या एका वाफ्याला 100 ग्रॅम बी पुरेल. पहिल्या पंधरा दिवसांत एक खुरपणी द्या, पुढे ताग स्वतःच सावली धरतो. 45 ते 50 दिवसांनी, फुले लागण्याच्या बेतात असताना, जमिनीलगत कापून तो तिथेच अंथरा. त्या आच्छादनातच खुरप्याने जागा करून वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपे लावा.

पहिले वर्षभर त्या वाफ्यात कांदा, लसूण, गाजर, बटाटा आणि रताळे घेऊ नका. कांदा-लसणाच्या पातीची सावली पडत नाही. बटाट्यात आणि रताळ्यात लव्हाळ्याचे टोकदार कोंब आरपार घुसतात, आणि काढणीच्या वेळी जमीन उकरली की गाठी पुन्हा पसरतात.

वेचलेल्या गाठी खतखड्ड्यात टाकू नका. पाण्यात बुडवून कुजवण्याचाही भरवसा नाही, कारण त्या पाण्याखाली बराच काळ तग धरतात. पत्र्यावर किंवा गच्चीच्या फरशीवर पातळ पसरून वाळवा. नखाने दाबल्यावर आत पांढरट, ओलसर गर दिसला तर गाठ जिवंत आहे. आतून तपकिरी आणि लाकडासारखी कडक झाली की मगच फेका.

प्रश्न (नाशिक) : लव्हाळ्यासाठी काळा मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद) अंथरला. तो फोडून कोंब बाहेर आले. जाड पेपर आणावा का?

उत्तर : पेपरावर आणखी पैसे घालू नका. लव्हाळ्याचा कोंब अंधारात सुईसारखा बंद आणि टोकदार राहतो. उजेड लागेपर्यंत तो पाने उघडत नाही, त्यामुळे काळा पेपर भोसकून वर येणे त्याला सहज जमते. पारदर्शक कागदाखाली उलटे होते. उजेड आतच मिळाल्याने पाने कागदाखाली उघडतात, अडकतात आणि उन्हात भाजून जातात. पण पारदर्शक कागद भर उन्हाळ्यात, वाफा मोकळा असतानाच वापरता येतो, आणि त्याने खोलवरच्या गाठी मरत नाहीत.

इथे एक गोंधळ टाळा. कागद घालून जमीन तापवायची तर ती आधी भिजवावी लागते, आणि गाठी वाळवायच्या तर कोरडी ठेवावी लागते. दोन्ही उपाय एकाच वेळी होत नाहीत. लव्हाळा असेल तर वाळवणी करा. माठ, घोळ, दुधी अशा बियांनी येणाऱ्या तणांचा त्रास असेल तर कागद उत्तम. त्यासाठी 25 ते 50 मायक्रॉनचा पारदर्शक कागद घ्या. वाफा सपाट करून, काटक्या-खडे वेचून, वीतभर खोलीपर्यंत ओल जाईल एवढे पाणी द्या. दुसऱ्या दिवशी कागद मातीला चिकटेल असा ताणून बसवा आणि चारही कडा चरात पुरा. एका बाजूने जरी हवा खेळली तरी उष्णता टिकत नाही. चार ते सहा आठवडे तसाच ठेवा. काढल्यावर वाफा खोल खणू नका, नाहीतर खालचे जिवंत बी पुन्हा वर येईल.

काळा पेपर वाया गेला असे समजू नका. पेपराची भोके चिकटपट्टीने बंद करून तो हराळीच्या जागेवर वापरा.

प्रश्न (पुणे) : कुंपणालगतच्या हिरवळीतून हराळी भाजीच्या वाफ्यात शिरते. वरून कापून उपयोग होत नाही. गणपतीसाठी दूर्वाही हव्या असतात, त्यामुळे पूर्ण नष्ट करावी असेही वाटत नाही.

उत्तर : हराळीचे धावते दांडे जमिनीवरून पसरतात आणि तसेच पांढरट, पेरे असलेले दांडे जमिनीखालूनही जातात. प्रत्येक पेराशी मूळ फुटते. बोटाच्या पेराएवढा तुकडा राहिला तरी त्यातून रोप होते. म्हणून वाफ्यात शिरलेल्या हराळीवर कुदळ किंवा फावडे चालवू नका, त्यांनी दांड्यांचे तुकडे होतात. दातेरी काटा वापरा. वाफशावर, म्हणजे माती हाताला चिकटत नाही आणि ढेकूळ दाबताच भुगा होतो अशा वेळी, काटा कडेने घालून माती उचला, झटका, आणि पांढरा दांडा टोकापासून शेवटपर्यंत सोडवत न्या. तुटला तर तिथेच थांबून उरलेले टोक शोधा. एका बाजूने सुरुवात करून सरळ पुढे सरका. अधूनमधून दिसेल तिथे काढण्याने काम कधीच पुरे होत नाही. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फिरून बारीक हिरवी टोके दिसतील तिथून उरलेले तुकडे काढा.

जागा रिकामी ठेवणे शक्य असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत जमिनीलगत कापा, एक पाणी द्या आणि नवी पालवी दिसू लागली की काळा पेपर अंथरून तीन महिने उजेड बंद करा. उन्हाळ्यात पिवळी पडलेली हराळी मेली असे मात्र धरू नका. पहिल्या सरीबरोबर ती परत येते.

कायमचा बंदोबस्त कडेने करावा लागतो. हिरवळ आणि वाफा यांच्यामध्ये शहाबादी फरशीचे उभे तुकडे 25 ते 30 सेंटिमीटर जमिनीत आणि 5 ते 7 सेंटिमीटर वर राहतील असे गाडा. सांधे एकमेकांवर चढवा किंवा सिमेंटने बुजवा, कारण हराळी सांध्यातूनच वाट काढते. वर ठेवलेली कड महत्त्वाची आहे. ती मातीच्या पातळीला आली की धावते दांडे वरून ओलांडतात. फरशी नको असेल तर वीतभर खोल चर मोकळा ठेवा आणि महिन्यातून एकदा त्यात लोंबणारे दांडे विळ्याने छाटा.

दूर्वांसाठी एक पसरट कुंडी राखा. ती मातीवर ठेवू नका, तळाच्या भोकातून मुळे जमिनीत उतरतात. फरशीवर किंवा विटांवर ठेवा आणि बाहेर लोंबणारे दांडे कापत राहा. कोवळ्या दूर्वा हव्या असतील तर गणेश चतुर्थीच्या तीन आठवडे आधी कुंडी एकसारखी छाटून खत-पाणी द्या.

प्रश्न (कोल्हापूर) : दुकानात तणनाशक मिळते. एकदाच मारून प्रश्न मिटवावा का? काही जण मीठ आणि व्हिनेगर टाकायला सांगतात.

उत्तर : घरच्या भाजीच्या वाफ्यात आम्ही तणनाशक सुचवत नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा, असा निर्बंध केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये घातला. शिवाय हे औषध हिरव्या पानातून आत जाते. ते भाजीचे पान आणि तणाचे पान असा भेद करत नाही. लव्हाळ्याच्या बाबतीत ज्या गाठीला त्या वेळी हिरवी पात आहे तिच्यावरच परिणाम होतो. साखळीतल्या झोपलेल्या गाठी वाचतात, म्हणजे ‘एकदाच’ असे होतच नाही.

तुमच्या भागात उसाची शेती जवळ असल्याने आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. उसातल्या रुंद पानांच्या तणांसाठी मारलेल्या 2,4-डी या तणनाशकाचे तुषार वाऱ्याबरोबर परसबागेत येऊ शकतात. टोमॅटो, भेंडी, मिरची, वाल आणि द्राक्षवेल याला फार हळव्या आहेत. शेंड्याची पाने अरुंद होतात, शिरा जवळजवळ समांतर दिसू लागतात, देठ खाली वळतात. याला पुष्कळ जण बोकड्या (पाने आकसण्याचा रोग) समजून झाडे उपटतात. फरक असा ओळखा : विषाणूरोग एका झाडावरून दुसऱ्यावर हळूहळू पसरतो, तुषारांचे नुकसान वाऱ्याच्या बाजूच्या सगळ्या हळव्या झाडांवर दोन-चार दिवसांत एकदम दिसते आणि शेजारचा मका जसाच्या तसा असतो. तणनाशकाचा फवारणी पंप भाजीवर कडुनिंबाचा अर्क मारायलाही वापरू नका. पंप धुतला तरी नळीत आणि वायसरमध्ये अंश राहतो. त्या कामाचा पंप वेगळाच हवा.

मीठ तर अजिबात नको. त्यातले सोडियम काळ्या मातीचा पोत बिघडवते, निचरा कमी होतो आणि भाजीची मुळे पाणी घेऊ शकत नाहीत. तण जाईल, पण पुढे त्या जागी पालकही धड येणार नाही. घरगुती व्हिनेगर फक्त कोवळी पाने जाळते, गाठीला आणि दांड्याला काही होत नाही. फरशीच्या फटींतल्या तणावर उकळते पाणी ओता, तेवढे पुरते. वाफ्यात तेही नको, जवळच्या भाजीची मुळे आणि गांडुळे मरतात.

प्रश्न (अहिल्यानगर) : शेणखत घातल्यापासून मेथी-कोथिंबिरीत तण इतके उगवते की भाजी शोधावी लागते. खतातून बी येते का?

उत्तर : हो. जनावरांनी बीसकट गवत खाल्ले की त्यातले पुष्कळ बी शेणातून जिवंत बाहेर येते. गोठ्यातला केरकचराही त्याच उकिरड्यात पडतो. नीट कुजताना ढीग आतून 55 ते 60 अंशांपर्यंत तापला तर बहुतेक बी मरते. पसरून ठेवलेला ढीग तापतच नाही. किमान एक मीटर लांब, रुंद आणि उंच ढीग करा. मूठभर खत पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा इतकी ओल ठेवा. पहिल्या महिन्यात तीनदा असे उलथा की बाहेरचे खत आत जाईल. गांडूळखतही तापत नाही, त्यामुळे गांडुळांना देण्यापूर्वी शेण-कचरा असा एकदा तापवून घ्यावा.

विकतचे खत वाफ्यात टाकण्याआधी तपासा. एका कुंडीत नुसते तेच खत भरा, पाणी द्या आणि 10 ते 12 दिवस उजेडात ठेवा. जे उगवेल ते तुमच्या वाफ्यात उगवणार आहे.

जमिनीत आधीच पडलेल्या बियांवर सोपी युक्ती अशी. वाफा पेरणीसाठी पूर्ण तयार करा, पण पेरू नका. पाणी द्या आणि आठ-दहा दिवस थांबा. तण दोन पानांवर आले की खुरप्याने फक्त वरची दोन-तीन सेंटिमीटर माती खरवडून ते उन्हात मरू द्या. वेळ असेल तर पुन्हा एकदा हेच करा. त्यानंतर जमीन न उलथता मेथी पेरा. पेरणी फोकून करण्याऐवजी ओळीत करा, दोन ओळींत 15 ते 20 सेंटिमीटर अंतर ठेवा. फोकलेल्या मेथीत खुरपे चालत नाही, एकेक काडी हाताने वेचावी लागते आणि तिथेच लोक कंटाळून सोडून देतात. बहुतेक भाज्यांना पहिला महिना-दीड महिना स्वच्छ मिळणे सर्वांत महत्त्वाचे आहे. कांद्याला दोन महिने लागतात.

प्रश्न (रत्नागिरी) : पावसात केना आवरत नाही. काढून बांधावर टाकला तरी तिथे वाढतो.

उत्तर : केना ओल्या जमिनीवर टाकला की प्रत्येक पेराला मुळे फुटतात. तुमच्याकडच्या सततच्या पावसात तो वाळणार कधी? काढलेला केना पडवीत काठीवर टांगा किंवा जनावरांना घाला. दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही : वर निळी फुले येतात, तशी जमिनीखालीही याला न उमलणारी फुले येतात आणि तिथेच बी धरते. त्यामुळे वरची निळी फुले खुडून बी थांबत नाही. रोप तीन-चार आठवड्यांचे व्हायच्या आत मुळासकट निघाले पाहिजे. पावसाची उघडीप न पाहता माती मऊ असतानाच ओढा, तेव्हा ते अखंड निघते. मग वाफ्यावर 8 ते 10 सेंटिमीटर जाडीचे भाताचे पेंढे किंवा वाळली झावळे तोडून अंथरा. रोपाच्या बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवा, नाहीतर पावसात बुंधा कुजतो.

कोवळ्या केन्याच्या पानांची भजी चांगली होतात. फवारणी झालेल्या बांधावरची पाने मात्र घेऊ नका.

प्रश्न (ठाणे) : गच्चीवरच्या कुंड्यांत आंबुटी सगळीकडे पसरली आहे.

उत्तर : ती बहुतेक रोपवाटिकेच्या मातीतून आली आहे. पिकलेल्या शेंगेला धक्का लागताच ती फुटते आणि बी एक मीटर किंवा अधिक लांब उडते, म्हणून एका कुंडीची आंबुटी दहा कुंड्यांत जाते. शेंगा लागण्याआधी, पिवळे फूल दिसताच काढा. आधी कुंडीला पाणी द्या, अर्ध्या तासाने जुना काटा मुख्य मुळाखाली घालून उचला. शेंगा आल्याच असतील तर रोपावर आधी ओला कपडा टाका, मग उपटा. वरची तीन-चार सेंटिमीटर माती काढून नवी घाला आणि वर नारळाच्या शेंड्यांचा थर द्या. नवे रोप आणले की त्याच्या पिशवीतली वरची बोटभर माती खरवडून टाकल्याशिवाय कुंडीत लावू नका.

प्रश्न (सोलापूर) : कुंपणाबाहेर गाजरगवत माजले आहे. ते वाफ्यात येईल का? खतात टाकता येते का?

उत्तर : येईल. एका झाडाला हजारो बिया येतात, त्या वाऱ्याने, पाण्याने आणि चपलेच्या चिखलातून आत येतात. भारतात हे तण प्रथम 1955 मध्ये पुण्यात नोंदवले गेले आणि तिथून देशभर गेले, यावरून त्याचा झपाटा कळतो. फुले येण्याआधी, पावसानंतर जमीन ओली असताना मुळासकट उपटा. नुसते छाटले तर बुडातून पुन्हा फुटून लवकर फुलते. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला रुमाल हवाच, याने अंगावर चट्टे उठतात आणि दमाही बळावतो. ज्यांना एकदा त्रास झाला आहे त्यांनी हे काम दुसऱ्याला सांगावे.

फुलांआधी उपटलेले गवत खतखड्ड्यात बिनधास्त टाका. पांढरी फुले दिसली की टाकू नका. पावसाळ्यात पानांवर पांढरट अंगावर काळ्या रेघा असलेले भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे असून गाजरगवत खाण्यासाठीच 1984 पासून भारतात सोडले गेले आहेत.

प्रश्न (जळगाव) : मेथीच्या वाफ्यात पिवळे दोरे गुंडाळलेले दिसतात. ओढून काढले तरी वाढतात.

उत्तर : ही अमरवेल. तिला स्वतःची हिरवी पाने नसतात, मेथीच्या दांड्यात रस शोषणारी मुळे घुसवून ती जगते. ओढल्यावर दांड्यात राहिलेला तुकडा पुन्हा वाढतो. त्यामुळे दोरा गुंडाळलेली मेथी आणि तिच्या भोवतीची वीतभर जागा यांतली सगळी रोपे मुळासकट काढा. दोऱ्याला बारीक पांढरी फुले येण्याआधीच हे करा. पिशवीत भरून न्या, वाटेत तुकडे सांडू देऊ नका, आणि वाळवून जाळा. अमरवेलीचे बी जमिनीत अनेक वर्षे टिकते, म्हणून पुढचे दोन-तीन हंगाम त्या वाफ्यात मका किंवा ज्वारी घ्या. गवतवर्गीय पिकांवर तिला सहसा जगता येत नाही, आणि उगवलेला कोंब काही दिवसांत आधार न मिळता मरतो. घरचे बी धरणार असाल तर या वाफ्यातली मेथी बियाण्यासाठी ठेवू नका.